पस्तिसावा हिस्सा

प्लास्टिकचे रणगाडे जोडीत बसणाऱ्या प्रौढ माणसाकडे आपला समाज ज्या नजरेने पाहतो, तिच्यात कीव आणि कौतुक ह्यांचे प्रमाण ठरलेले असते; आणि ज्याने नोकरीची सारी हयात एका कारखान्याच्या आरेखन विभागात यंत्रभागांचे नकाशे काढण्यात घालविली, त्याने निवृत्तीनंतर पुन्हा सूक्ष्म मापांच्याच फेऱ्यात स्वतःला अडकवून घ्यावे, ह्याचे माझ्या आप्तेष्टांना तर विशेष नवल वाटते. मला स्वतःला त्यात नवल करण्यासारखे काही दिसत नाही. नकाशा काढणाऱ्याने वस्तू घडण्यापूर्वी ती डोळ्यांपुढे उभी करावयाची असते. प्रतिकृती करणाऱ्याने ती घडून, वापरून, झिजून गेल्यानंतर उभी करावयाची असते. आणि ह्या दोन टोकांच्या मधले जे तिचे तेलकट, धुळकट, माणसांच्या हातांखालचे आयुष्य, त्याचा तपशील पहिल्या कामात कधीच गावत नाही. तो ह्या दुसऱ्या कामात थोडाबहुत गावला, आणि त्याचीच हकीकत येथे सांगावयाची आहे.

पस्तिसास एक हे जे प्रमाण ह्या छंदात आज जगभर रूढ आहे, त्याला शास्त्राचा काहीएक आधार नाही, आणि दहास एक, विसास एक अशा सरळ हिशेबाच्या प्रमाणांत वाढलेल्या आरेखकाला ही गोष्ट प्रारंभी खटकल्यावाचून राहत नाही. जपानमधील शिझुओका येथील तामिया ही मूळची लाकडाचा व्यापार करणारी पेढी. ती लाकडी प्रतिकृतींकडे वळली, १९६० साली तिने ‘यामाटो’ ह्या युद्धनौकेची आपली पहिली प्लास्टिक प्रतिकृती बाजारात आणली, आणि त्यानंतर लवकरच जर्मन ‘पँथर’ रणगाड्याचा संच काढण्याचे मनावर घेतले. असले रणगाडे जमिनीवरून चालवून पाहण्याचा मुलांना सोस, म्हणून पोटात मोटार आणि सेल मावतील एवढा त्याचा देह करणे भाग होते. तो तेवढा केला, आणि मागाहून मोजून पाहिले तेव्हा मूळ रणगाड्याचा तो सुमारे पस्तिसावा हिस्सा भरला. पुढच्या संचांसाठी तोच आकडा कायम झाला, इतर कारखान्यांनी तोच शिरस्ता उचलला, आणि दोन-चार सेलांच्या लांबीरुंदीने एका साऱ्या व्यवहाराचे माप ठरवून टाकले.

हा पाढा एकदा अंगवळणी पडला म्हणजे मात्र तो विलक्षण शिस्त लावतो. सेंच्युरियन रणगाड्याच्या बुरुजाचे दर्शनी कवच १५२ मिलिमीटर जाड. ते साडेचार मिलिमीटरांच्या आत येते. तोफेचा ८४ मिलिमीटरांचा व्यास अडीच मिलिमीटरांहूनही किंचित लहान होतो, आणि साडेपाच फुटी सैनिक पाच सेंटिमीटरांत मावतो. उलट अंगाने पाहिले तर प्रतिकृतीवर ओढलेली एक मिलिमीटर रुंदीची रेघ ही प्रत्यक्षात साडेतीन सेंटिमीटरांचा पट्टा होय, आणि टेबलावरील रणगाडा एका फुटावरून न्याहाळणे म्हणजे खरा रणगाडा पस्तीस फुटांवरून पाहणे होय. पस्तीस फुटांवरून माणसाच्या डोळ्यांना काय दिसते आणि काय दिसत नाही, ह्या एका प्रश्नापाशी ह्या छंदातील बहुतेक वाद येऊन थांबतात. रंगही ह्याला अपवाद नाही. मूळ रंगाची अचूक मात्रा जशीच्या तशी प्रतिकृतीवर चढविली, तर ती काळवंडलेली दिसते, कारण मोठ्या वस्तूच्या आणि आपल्या मधोमध जी हवा आणि जो उजेड असतो, तो टेबलावर नसतो. म्हणून मूळ हिरव्यात थोडा पिवळट पांढरा मिसळून तो मुद्दाम उतरवावा लागतो. किती उतरवावा, ह्याचे कोष्टक कोणी छापले तरी मी ते मानणार नाही. ते डोळ्यांवरच सोपवावे.

सेंच्युरियन मी निवडला त्याला पुण्याचे वास्तव्य कारणीभूत झाले. १८१७ साली कंपनी सरकारने दुसऱ्या बाजीरावाच्या गळी जो तहनामा उतरविला, त्याच्या कलमांतून ‘पूना ऑक्झिलरी हॉर्स’ नावाचा रिसाला उभा राहिला. पुढच्याच वर्षी पेशवाईचा कारभार आटोपला. रिसाला मात्र टिकला, घोड्यांवरून उतरून रणगाड्यांवर चढला, आणि १९६५ च्या सप्टेंबरात फिलौरा व चविंडा येथे ‘पूना हॉर्स’ ह्या नावानेच लढला. त्या लढाईत १६ सप्टेंबर रोजी धारातीर्थी पडलेले त्याचे अधिपती लेफ्टनंट कर्नल अर्देशीर तारापोर हे जन्माने मुंबईचे, आणि पुढे १६ डिसेंबर १९७१ रोजी बसंतर नदीपलीकडे जरपाल येथे जळत्या रणगाड्यातून तोफ चालवीत राहिलेले एकवीस वर्षांचे सेकंड लेफ्टनंट अरुण खेत्रपाल हे जन्माने पुण्याचे. दोघांनाही मरणोत्तर परमवीरचक्र मिळाले, आणि दोघांचेही वाहन सेंच्युरियनच. बसंतरच्या वेळी ज्यांच्याकडे ह्या रिसाल्याचे आधिपत्य होते त्या हनूत सिंग ह्यांनी ‘फख्र-ए-हिंद’ ह्या नावाने त्याचा इतिहास लिहिला आहे, तो मी हे काम हाती घेण्यापूर्वी सावकाश वाचून काढला.

खुद्द ह्या यंत्राची कुळकथाही मोठी चमत्कारिक आहे. दुसऱ्या महायुद्धात जर्मन रणगाड्यांना तोंड देण्यासाठी इंग्रजांनी हा आराखडा केला, आणि त्याचे पहिले सहा नमुने १९४५ च्या मे महिन्यात बेल्जियममध्ये जाऊन पोहोचेपर्यंत युद्धच संपले. ज्या कामासाठी जन्म झाला ते काम हातून निसटले, आणि पुढची कित्येक दशके तो कोरियापासून पंजाबपर्यंत दुसऱ्यांच्या लढाया लढत राहिला. त्याच्या पोटातील रोल्सरॉइसचे ‘मिटिऑर’ इंजिन म्हणजे स्पिटफायर विमानाच्या ‘मर्लिन’ इंजिनाचे जमिनीवर उतरविलेले रूप. बारा नळकांड्यांचे, सुमारे साडेसहाशे अश्वशक्तीचे, आणि पेट्रोलवर चालणारे. पन्नास टनांहून अधिक वजन ओढताना ते एका गॅलनात जेमतेम अर्धापाऊण मैल जाई. हा पेट्रोलचा तपशील पुढे रंगकामात उपयोगी पडणार आहे, म्हणून येथे नमूद करून ठेवतो.

खेत्रपालांचा ‘फॅमागुस्ता’ हा रणगाडा नगरच्या आर्मर्ड कोअर सेंटर अँड स्कूलमध्ये जतन करून ठेवलेला आहे, आणि मी सेंच्युरियन करतो आहे हे कळताच प्रत्येकाने ‘मग फॅमागुस्ताच करा’ असा आग्रह धरला. मी तो मानला नाही. त्या रणगाड्याचे ज्या क्षणाशी नाते जडले आहे, तो क्षण आगीचा आणि मृत्यूचा आहे. तो दाखवावयाचा तर कवचावरचे घाव, काजळी आणि ज्वाळांनी सोललेला रंग हे सारे कुंचल्याच्या टोकाने नटवून दाखवावे लागणार, आणि दिवाणखान्यातील काचेच्या कपाटात, पाहुण्यांनी ‘वा, किती हुबेहूब!’ म्हणावे ह्या हेतूने असे करणे मला अभिरुचीला सोडून वाटते. इतरांचे मत निराळे असू शकेल. मी त्याच रिसाल्यातील एक निनावी सेंच्युरियन घेतला. लढाईच्या आदल्या संध्याकाळी उभा असलेला, इंधन भरून झालेला, ज्याच्या वाट्याला इतिहासातील एकही ओळ आलेली नाही असा.

जोडणीविषयी फार लिहिण्यासारखे नाही. संच तैवानी बनावटीचा. त्यावर जी जकात भरावी लागली तिच्यामुळे घरात काही काळ अर्थखात्याची मर्जी खप्पा होती, एवढे सांगून पुढे जातो. पॉलिस्टायरिनचे सुटे भाग ज्या चौकटींना लटकून येतात, त्यांपासून ते पात्याने विलग करावे, साच्याच्या दोन अर्ध्या भागांच्या मिलाफाची जी बारीक शीर प्रत्येक तुकड्यावर राहते ती खरवडावी, आणि जोड बसवून त्याच्या फटीला पातळ सिमेंटचा कुंचला नुसता टेकवावा. द्राव केशाकर्षणाने आपोआप आत धावतो, दोन्ही कडा विरघळवितो आणि उडून जातो. हे चिकटणे नव्हे, हा सांधा एकजीव होतो. तोफेच्या नळीवरची शीर काढताना मात्र हात सर्व बाजूंनी सारखा फिरवावा लागतो, नाही तर नळी लंबगोल होते आणि तो दोष कोणताही रंग झाकीत नाही.

ज्या एका ठिकाणी मी रमलो ते सांगतो. सेंच्युरियनच्या बुरुजाच्या दर्शनी भागात, जेथून तोफ बाहेर येते तेथे, धूळ-पाणी आत शिरू नये म्हणून कॅनव्हासचे एक आवरण ताणून बसविलेले असते. संचात ते प्लास्टिकचेच येते, आणि त्याच्या चुण्या अशा नेटक्या असतात की परीटघडीचे धोतरही लाजावे. तोफ खाली झुकली की ह्या कापडाला वरून ताण पडतो आणि खाली झोळ येतो. उंचावली की उलटे होते. मी ते प्लास्टिक कापून टाकले, पातळ टिश्यू कागदाचे दोन पदर पाणी घातलेल्या पांढऱ्या डिंकात भिजविले, तोफ किंचित झुकती ठेवून ते तिच्याभोवती बसविले, आणि ओले असताना दातकोरणीच्या टोकाने वरच्या चुण्या ओढून खालचा झोळ सैल सोडला. वाळल्यावर कागद कडक झाला तरी त्याच्या वळणात ते सैलपण राहिले. खाली लोखंडी पट्टीने आवरण दाबून धरणाऱ्या स्क्रूंची डोकी दुसऱ्या एका टाकाऊ भागावरून तासून येथे एकेक चिकटविली. तासताना ती उडतात, आणि फरशीवर पडलेले अर्ध्या मिलिमीटरचे डोके शोधण्याचा उद्योग कोणी पाहिला तर आपल्याविषयी त्याचे मत कायमचे बनते.

रंगाची फवारणी मी शिकलो ती पेणच्या एका गणपतीच्या कारखान्यात. तेथील रंगारी कॉम्प्रेसरच्या नळीने शेकडो मूर्तींना अंगकांती चढवितात, आणि डोळ्यांच्या आखणीची वेळ आली म्हणजे फवारणी बाजूला ठेवून जुना, ज्येष्ठ हात तेवढा कुंचला घेऊन बसतो. त्यांच्याकडून मी उचलले ते हे, की अस्तराचा हात जितका पातळ, तितके वरचे काम बोलके. आणि दाब वाढवून रंग रेटण्यापेक्षा तो सैल करून कमी दाबाने, जवळून, पदरापदराने चढवावा. पावसाळ्यात मात्र त्यांची आणि माझी गत एकच. हवेत दमटपणा भरला की चकाकीचा पारदर्शक हात वाळता वाळता दुधाळ होतो, आणि कॉम्प्रेसरच्या नळीत साठलेले पाणी नेमके बुरुजावर येऊन थुंकते. म्हणून आषाढ-श्रावणात मी जोडणी करतो आणि रंग दसऱ्यानंतर काढतो.

आता ज्या गोष्टीसाठी हे लिहावयास बसलो तिच्याकडे येतो. एकसारखा हिरवा रंग दिलेली प्रतिकृती खेळण्यासारखी दिसते. तिला वापरलेपणा आणावा लागतो, आणि ह्या वापरलेपणाची परदेशी मासिकांतून हल्ली एक ठराविक रीत पडून गेली आहे. प्रत्येक कडेवर स्पंजाने टिपलेले रंगाचे टवके, प्रत्येक टवक्याखालून ओघळणारा नारिंगी गंज, प्रत्येक खोबणीत पातळ रंगाचा काळा वॉश. हस्तकौशल्य असामान्य असते, परंतु असे दहा रणगाडे ओळीने पाहिले की ते दहा सैन्यांचे न वाटता एकाच भंगारवाल्याच्या आवारातले वाटू लागतात. नगरच्या रणगाडा-संग्रहालयात मी पुष्कळ वेळा जाऊन आलो, आणि आकार, सांधे, झाकणांच्या बिजागऱ्या ह्यांचा मुलाहिजा तेथे यथेच्छ करता येतो. पण मैदानात उभी असलेली ती वाहने ऊनपावसापासून जपण्यासाठी पुन्हा पुन्हा रंगविलेली असतात, त्यामुळे पृष्ठभागाच्या बाबतीत त्यांची साक्ष काढून उपयोग नाही.

ती साक्ष मला दिली आमच्या शेजारच्या इमारतीत मुलाकडे राहणाऱ्या एका वृद्ध गृहस्थांनी. मूळचे सातारा जिल्ह्यातले, ई. एम. ई. ह्या सैन्याच्या यंत्रदुरुस्ती दलातून हवालदार म्हणून निवृत्त झालेले, आणि उमेदीची वर्षे सेंच्युरियनची इंजिने उतरविण्या-चढविण्यात काढलेले. आम्ही सारे त्यांना आबा म्हणतो. त्यांच्यापुढे मी अशाच एका पारितोषिक मिळालेल्या प्रतिकृतीचे चित्र ठेवले. त्यांनी चष्मा कपाळावर नेऊन ते बराच वेळ पाहिले आणि म्हणाले, “साहेब, ही गाडी मोडीत काढल्याली हाय. चालू गाडीला असा गंज चढू दिला असता तर सुभेदारसाहेबांनी आमचं कातडं सोललं असतं.”

मग कित्येक संध्याकाळी ते माझ्या टेबलापाशी येऊन बसत, आणि मी प्रश्न विचारून त्यांचे बयान वहीत उतरवून घेई. कवचावर कोठे खरवडले गेले तर त्या ठिकाणी लगोलग रंग फासला जाई. म्हणून खऱ्या गाडीवर टवक्यांपेक्षा ताज्या रंगाचे, किंचित गडद ठिपके अधिक. गंज एकाच ठिकाणी हक्काचा, तो म्हणजे मागच्या बाजूला दोन्ही अंगांना असलेल्या धुराड्यांच्या पेट्यांवर, कारण तेथील उष्णतेपुढे कोणताही रंग टिकत नाही. साखळपट्ट्याच्या कड्या मँगनीज-पोलादाच्या. जमिनीला घासणारा त्यांचा भाग चांदीसारखा लखलखतो आणि बाकीचा मळकट तपकिरी राहतो. माणसे गाडीवर चढतात ती ठरलेल्या वाटेने, चालक पुढच्या उजव्या कोपऱ्याकडे, तोफेत गोळे भरणारा बुरुजाच्या डाव्या झाकणाकडे. त्या वाटांवरचा रंग टवके जाऊन उडत नाही, बुटांनी घासून घासून गुळगुळीत होतो. चाकांच्या मध्याशी ग्रीस भरताना जे जास्तीचे बाहेर येते, त्यावर धूळ बसून काळे कडे तयार होते.

आणि मग पेट्रोल. इंधन भरताना, विशेषतः अंधारात, थोडे सांडावयाचेच; मी तोवर पाहिलेल्या साऱ्या चित्रांत टाकीच्या झाकणाभोवती काळे ओले डाग दाखविलेले होते. आबांनी मान हलविली. “पेट्रोल डाग ठिवत न्हाई. ते धूळ धुऊन नेतं, आन् उडून जातं. डाग ठिवतं त्येल. त्येल धूळ धरून बसतं.” म्हणजे इंजिनावरील पत्र्यावर दोन प्रकारच्या खुणा एकाच वेळी हव्यात, आणि त्या परस्परांच्या विरुद्ध: झाकणाभोवती धुळीतून वाट काढीत गेलेले स्वच्छ हिरवे ओघळ, आणि तेल ओतण्याच्या जागी धूळ खाऊन जाड झालेले मंद चकाकीचे काळे ठिपके. हे एक वाक्य मला अनेक सचित्र मासिकांहून मोलाचे वाटले.

त्यांच्या ह्या बयानातून माझ्या लक्षात आले ते असे, की लढाऊ वाहनाच्या अंगावर शत्रूची खूण उमटते ती एखाद्या दिवशी, आणि ती उमटली की बहुधा हिशेब संपतो. परंतु स्वतःच्या माणसांच्या हातांची खूण त्यावर रोज उमटत असते, आणि पस्तीस फुटांवरून जे दिसते त्यातले बहुतेक ह्या दुसऱ्या जातीचे असते. पुसणे, भरणे, घट्ट करणे, वंगण घालणे, पुन्हा रंग फासणे. रणगाड्यावर चढून लढणाऱ्यांचा दिवस बराचसा असल्या निगराणीतच जातो, आणि शौर्याच्या वर्णनांत तिला जागा मिळत नाही हे स्वाभाविक असले, तरी प्रतिकृतीवाल्याने तिच्याकडे पाठ फिरविण्याचे कारण नाही.

तेव्हा मी स्पंज बाजूला ठेवला. दांडेकरांच्या कॅमलमधला गडद उंबर तैलरंग टर्पेंटाइनमध्ये पातळ करून तो फक्त सांध्यांच्या आणि स्क्रूंच्या कडेने, सर्वांत बारीक कुंचल्याच्या टोकाने सोडला. वॉश म्हणून सबंध गाडीला आंघोळ घातली नाही. बुटांच्या वाटा शिशाच्या पेन्सिलीची पूड बोटाने घासून उजळविल्या. ताज्या रंगाचे ठिपके मूळ हिरव्यात काळ्याचा किंचित अंश घालून दिले, आणि ते दिल्यावर दोन हातांवरून दिसेनासे झाले ह्याचे मला समाधान वाटले.

धुळीचा प्रश्न स्वतंत्र होता. आमच्याकडची नगरची काळी किंवा कोकणातली तांबडी माती बसंतर नदीकाठच्या शकरगडच्या मुलखात चालावयाची नाही. तो नद्यांच्या गाळाचा प्रदेश, तेथील धूळ करडी-पिवळट आणि पिठासारखी बारीक. शिवाय कोणतीही खरी माती कितीही चाळली तरी तिचा कण पस्तीसपट मोठाच राहतो आणि प्रतिकृतीवर खडीसारखा दिसतो. पुष्कळ विचारांती उपाय निघाला तो बुधवार पेठेतील एका काष्ठौषधींच्या दुकानात: मुलतानी माती. रंग नेमका पंजाबी, कण वस्त्रगाळ, आणि किंमत अशी की परदेशी रंगचूर्णांच्या छोट्या कुप्या विकणाऱ्यांना लाज वाटावी. ती सहाणेवर आणखी घोटली, कोरड्या कुंचल्याने चाकांच्या आसपास आणि मागच्या पत्र्यावर बसविली, आणि टर्पेंटाइनचा थेंब सोडून पक्की केली. मग स्वच्छ टर्पेंटाइनने ओला केलेला कुंचला टाकीच्या झाकणापासून खाली ओढीत नेऊन आबांचे पेट्रोल सांडविले. घरातील स्त्रियांनी ह्या मातीच्या दुसऱ्या उपयोगाची आठवण करून दिली, तिची नोंद येथे घेतो.

पाहावयास येणाऱ्यांपैकी बरेच जण पहिल्या नजरेत म्हणतात, “अगदी नवा दिसतो की!” त्यात काहीशी निराशा असते. त्यांना झालेली लढाई हवी असते. आबांनी मात्र तयार प्रतिकृती हातात न घेता, टेबलाभोवती फिरून, गुडघ्यांवर हात ठेवून वाकून पाहिली आणि डाव्या बाजूच्या एका पेटीचे झाकण अर्धवट उघडे आहे असे बजावले. ते मी मुद्दाम तसे ठेवले होते, आत डेगची आणि कांबळी दिसावीत म्हणून. “गाडी उभी असली तरी झाकण लावायचं,” ते म्हणाले. तेव्हा कांबळी आत गेली आणि झाकण बसले.

सध्या काम चालू आहे ते डेक्कन हॉर्सच्या शर्मनचे. १९६५ साली असल उत्तरच्या लढाईत ह्या रिसाल्याकडे शर्मनच होते, आणि आपल्याकडील काही शर्मनांना मूळची तोफ काढून फ्रेंच बनावटीची ७५ मिलिमीटर तोफ बसविण्यात आली होती, त्यामुळे नळी नव्याने घडवावी लागणार आहे. आबांचा हात शर्मनला कधी लागलेला नाही, पण फलटणजवळच्या एका गावी त्यांचा ऐंशी उलटलेला एक सोबती आहे ज्याचा लागला होता. त्याला गाठून रबराच्या धावांची खरी झीज कशी होते ते विचारल्याखेरीज चाकांना रंग लावावयाचा नाही, असे त्यांनी फर्माविले आहे. म्हणून दिवाळीनंतर फलटणला जाण्याचे ठरले आहे, आणि तोपर्यंत मी चाकांवरच्या शिरा खरवडून घेतो आहे.